मेलोमाकारोना: ग्रीक नाताळची मधात भिजलेली बिस्किटं घरी कशी करायची

डिसेंबर लागला की अथेन्समधल्या कुठल्याही गल्लीतल्या बेकरीच्या काचेमागे दोन ढीग दिसायला लागतात. एक पांढरा, पिठीसाखरेत लोळवलेल्या कुराबियेदेस नावाच्या बिस्किटांचा, आणि दुसरा तपकिरी, चकचकीत, वर अक्रोडाचा चुरा भुरभुरलेला. तो दुसरा ढीग म्हणजे मेलोमाकारोना. संत्रं, दालचिनी, लवंग आणि ऑलिव्ह ऑइल घालून केलेली बिस्किटं, भाजून गरम असतानाच मधाच्या गार पाकात बुडवलेली. एक खाल्लं की दुसऱ्याकडे हात जातोच.

मी अथेन्समध्ये राहते आणि ही बिस्किटं आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींच्या ओट्याशी उभी राहून शिकले. इथे नवीन आलेले मराठी लोक दर वर्षी हेच विचारतात की रेसिपी वाचून केलं तरी दगड का झाले, किंवा पाकात टाकल्यावर विरघळले का. कारण ग्रीक रेसिपीत पीठ किती तर "मावेल तेवढं", तेल किती तर "पाण्याचा एक ग्लास", आणि मळायचं किती हे कुणी लिहीतच नाही, त्यांना ते घरात बघून माहीत असतं. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. खरं सांगायचं तर या पदार्थात दोनच जागा अवघड आहेत, पीठ एकत्र करतानाचा अर्धा मिनिट आणि पाकात बुडवतानाचा अर्धा मिनिट. ते दोन जमले की बाकी सगळं सोपंय.

आधी हे माहीत असू द्या

यात अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळाआधीचा उपास १५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि २४ डिसेंबरपर्यंत चालतो, ४० दिवस. त्यात मांस, अंडी, दूधदुभतं बंद, मध चालतो. मेलोमाकारोना उपासातही चालतात म्हणून घरोघरी नाताळाच्या बरेच दिवस आधी केल्या जातात, आणि लोण्यातले कुराबियेदेस उपास सुटल्यावर खायचे. आता सगळेच काही एवढा कडक उपास धरत नाहीत, पण रेसिपी तशीच राहिलीय. आपल्याकडे ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांना हे फार सोयीचं पडतं, पर्याय शोधत बसावं लागत नाही. शुद्ध व्हीगन लोकांना मात्र मध चालणार नाही, त्यांना आधीच सांगा.

आणि तेलाऐवजी साजूक तूप घालून बघू का असा विचार मनात आला तर तो बाजूला ठेवा. तुपाने नानकटाईसारखा खुसखुशीतपणा येतो तो वेगळा, इथे हवा असतो तो तेलाने आलेला सैलसर, भुसभुशीत पोत, ज्यात पाक शिरतो.

सामान (साधारण ३४-३५ नगांसाठी)

पाकासाठी:
- पाणी २५० मिली
- साखर ३५० ग्रॅम
- मध १५० ग्रॅम
- दालचिनीची एक काडी, ३ लवंगा, अर्ध्या संत्र्याची साल

बिस्किटांसाठी:
- मैदा ५०० ग्रॅम
- बारीक रवा १०० ग्रॅम
- तेल २०० मिली
- संत्र्याचा ताजा रस १७० मिली
- ब्रँडी ३० मिली (नको असेल तर तेवढाच रस जास्त)
- पिठीसाखर ४० ग्रॅम
- खायचा सोडा १ सपाट चमचा, बेकिंग पावडर अर्धा चमचा
- दालचिनी पूड २ चमचे, लवंगेची पूड पाव चमचा, चिमूटभर जायफळ
- एका संत्र्याची किसलेली साल, चिमूटभर मीठ

वरून घालायला:
- अक्रोड १५० ग्रॅम, थोडी दालचिनी पूड

भांडी: दोन मोठी पातेली किंवा बोल (एक तरी चांगलं खोल), वजनकाटा, बारीक भोकांची किसणी, झारा, पाकासाठी पसरट भांडं, जाळी, बटर पेपर. वजनकाटा नसेल तर खरंच एक घ्या. कपाने मोजलं की मैदा दर वेळी वेगळा भरतो, आणि या पिठात ५० ग्रॅम जास्त मैदा गेला तरी फरक कळतो.

पिठात साखर इतकी कमी बघून घाबरू नका. गोडवा सगळा पाकातून येणारे.

१. मध निवडा

बिस्किटाच्या नावातच मध आहे आणि तरी लोक इथेच कंजुषी करतात. पाकात साखर जास्त आणि मध कमी असतो हे खरं, पण तोंडात शेवटपर्यंत राहते ती मधाची चव.

ग्रीसमध्ये निघणाऱ्या मधात अर्ध्याहून जास्त वाटा पाइनच्या मधाचा आहे. हा फुलांचा मध नाही. पाइनच्या झाडावर मार्खालिना नावाचा एक बारीक किडा असतो, तो झाडाचा रस शोषतो आणि गोड स्राव सोडतो, मधमाश्या तो गोळा करतात. एव्हिया, थासोस, खाल्किदिकी इथला हा मध नावाजलेला आहे. रंगाने गडद, गोडीला जरा कमी, आणि लवकर साखर धरत नाही, त्यामुळे पाकासाठी चांगला. थाइम या सुगंधी झुडपाच्या फुलांचा मध (क्रीट, किथिरा वगैरे बेटांवरचा) सुगंधाला जबरदस्त आणि महाग. आमच्या आजी थाइमचाच वापरतात, त्या म्हणतात की पातेल्याचं झाकण उघडल्यावर वास आला पाहिजे, नाहीतर नुसता साखरेचा पाक कर आणि मोकळी हो. मला स्वतःला दोन्ही अर्धे अर्धे घातलेले आवडतात.

अथेन्समध्ये असाल तर आठवडी बाजारात, म्हणजे इथे ज्याला लाइकी म्हणतात तिथे, मधवाले स्वतः बसतात, चव घेऊन विकत घेता येतो. मसाल्यासाठी वारवाकियोस मार्केटजवळचा एव्रिपीदू रस्ता गाठा, ओळीने मसाल्याची दुकानं आहेत. दालचिनीला कानेला, लवंगेला गारीफालो, अक्रोडाला कारीदिया. रवा मागताना "सिमिग्दाली प्सिलो" म्हणा, प्सिलो म्हणजे बारीक, नुसतं सिमिग्दाली म्हटलं तर जाडा हातात पडू शकतो.

२. पाक आदल्या रात्रीच करून ठेवा

हे सगळ्यात आधी करायचं, शेवटी नाही. बिस्किटं ओव्हनमधून निघतील तेव्हा पाक पूर्ण गार पाहिजे, कोमटसुद्धा नको. सकाळी करायचं असेल तर रात्री पाक, संध्याकाळी करायचं तर सकाळी.

पाणी, साखर, दालचिनीची काडी, लवंगा आणि संत्र्याची साल एकत्र उकळायला ठेवा. साखर विरघळून उकळी फुटली की तिथून फक्त ३ ते ४ मिनिटं, आणि गॅस बंद. मध गॅस बंद केल्यावर घालायचा, ढवळून घ्यायचा. मध पाकाबरोबर उकळला तर त्याचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो, मग एवढा चांगला मध आणला कशाला.

सावधान: आपल्या हाताला पाक म्हटलं की एकतारी करायची सवय असते. इथे तार यायच्या आधीच थांबायचं. हा पाक चमच्यावरून पाण्याहून जरा दाट असा ओघळला पाहिजे, बोटांत चिकटला पाहिजे पण तार येता कामा नये. एकतारी केला तर तो बिस्किटाच्या आत जातच नाही, बाहेर साखरेचं कवच होऊन बसतो. गार झाल्यावर तो आणखी थोडा दाट होतो हेही लक्षात असू द्या.

गार झाला की साल, काडी, लवंगा काढून टाका.

३. ओलं एका भांड्यात, कोरडं दुसऱ्यात

खोल भांड्यात तेल, पिठीसाखर, ब्रँडी, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग, जायफळ. आता रसात सोडा घाला आणि ढवळा, पण रस मोठ्या ग्लासात किंवा सरळ त्या खोल भांड्यातच असू द्या कारण सोडा पडला की फसफसून दुप्पट वर येतो, लहान कपात केलं तर ओट्यावर सांडतो. रसातलं आम्ल आणि सोडा यांची गाठ पडून वायू सुटतो, त्याच वायूने बिस्किट आतून सच्छिद्र होतं आणि त्या छिद्रांत पाक मुरतो. त्यामुळे रस आंबट असायला हवा. डब्यातला गोड केलेला ज्यूस घेऊ नका. आणि सोडा मापात, चमचा भरून वर डोंगर नको, जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती मधानेही झाकली जात नाही.

साल किसताना फक्त वरचा केशरी भाग, खालचा पांढरा भाग कडू असतो.

काही जुन्या रेसिपींमध्ये सोड्याबरोबर अमोनियाही असतो, बेकिंगचा. बिस्किटं हलकी होतात पण भाजताना घरभर वास सुटतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये.

दुसऱ्या भांड्यात मैदा, रवा, बेकिंग पावडर, मीठ नीट मिसळून ठेवा.

तेलाबद्दल एक गोष्ट. ग्रीक घरात ऑलिव्ह ऑइलच. पण एकदम हिरवं, घशात तिखट लागणारं एक्स्ट्रा व्हर्जिन पूर्ण २०० मिली घातलं तर काहींना ते उग्र वाटतं, तेव्हा १०० मिली ऑलिव्ह आणि १०० मिली सूर्यफूल घ्या, इथेही बऱ्याच बायका तसंच करतात.

४. पीठ एकत्र करा, मळू नका

सगळ्यात जास्त बिस्किटं इथे बिघडतात. आपला हात कणकेवर तयार झालेला असतो, पीठ दिसलं की तळहाताचा जोर लागतो, गोळा गुळगुळीत झाल्याशिवाय समाधान होत नाही. हे सगळं इथे विसरायचं.

कोरडं सगळं एकदम ओल्यात ओता. बोटं पसरून हात भांड्याच्या तळाशी न्या, खालचं पीठ उचलून वर आणा आणि सोडून द्या, भांडं थोडं फिरवा, परत तेच. दाबायचं नाही, रगडायचं नाही. आजींच्या हाताकडे बघत राहिलं तर वाटतं या काही करतच नाहीयेत, नुसतं पीठ उलटंपालटं करतायत, दहा-पंधरा वेळा हात फिरला आणि मध्ये मध्ये कोरड्या पिठाचे पट्टे दिसत असतानाच त्या हात बाहेर काढतात. मी म्हटलं अजून सुकं दिसतंय की, तर म्हणाल्या, "ते त्याचं तो बघेल." आणि खरंच, फडकं टाकून १० मिनिटं ठेवलं की रवा ओलावा पितो आणि ते पट्टे आपोआप जातात.

जास्त मळलं तर दोन गोष्टी होतात. मैद्यातलं ग्लूटेन ताणलं जाऊन बिस्किट कडक होतं. आणि तेल पिठातून सुटायला लागतं, गोळा चकचकीत आणि तेलकट दिसतो, हातात घेतला तर तुटतो. अशा पिठाची बिस्किटं भाजल्यावर घट्ट होतात आणि मग पाक आत शिरायला वाटच नसते.

तेल सुटलंच तर आणखी मैदा घालायचा मोह होतो, घालू नका. आणि परत मळायला तर अजिबात जाऊ नका. तसंच १५ मिनिटं राहू द्या, हलक्या हाताने वळा, खूप छान नाही पण खाण्यासारखी नक्की होतील.

पीठ कसं असावं? मऊ, ओलसर, हाताला तेलाचा हात लागेल इतपत, पण चिकटणार नाही. वळताना कडांना बारीक भेगा पडल्या तर चालतं. अगदीच पातळ वाटलं तर आधी थांबा, रव्याला वेळ द्या, १० मिनिटांनी परत हात लावून बघा आणि मगच एखादा चमचा मैदा.

५. आकार द्या

३० ग्रॅमचा गोळा, म्हणजे मोठ्या लिंबाहून जरा लहान. पहिले तीन-चार वजन करून घ्या, मग हाताला अंदाज येतो. सगळे एकसारखे असले पाहिजेत, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात.

लांबट अंडाकृती वळा, साधारण ६ सेंमी लांब. मग किसणीच्या बारीक भोकांवर ठेवून अलगद दाबा आणि उचला, वरच्या बाजूला खडबडीत ठसे उमटतात. किसणी नको असेल तर काट्याच्या टोकांनी वरून ओळी मारा. हे नुसतं दिसायला नाही, त्या खळग्यांत पाक धरला जातो आणि अक्रोडाचा चुरा तिथे बसतो, नाहीतर सगळा ताटात पडतो.

दाबताना चपटं करू नका, मध्ये दीड सेंटीमीटर तरी जाडी राहू द्या. ट्रेवर बटर पेपर, मध्ये दोन बोटं अंतर. फार पसरत नाहीत.

तुर्कस्तानातल्या इझमीरकडून, म्हणजे जुन्या स्मिर्नाहून १९२२ नंतर आलेल्या ग्रीक निर्वासितांच्या घरांत याच जातीच्या बिस्किटांना फिनिकिया म्हणतात, काही घरांत आत अक्रोडाचं सारण भरतात. तुम्हाला करंजीचं सारण भरायची सवय असेल तर हे जमेल, पण पहिल्या खेपेला साधीच करा.

६. भाजा, आणि रंग येऊ द्या

ओव्हन १८० अंशांवर, फॅन असेल तर १७०, आधी १५ मिनिटं तापवलेला. मधला कप्पा. २५ ते ३० मिनिटं. आपल्याकडच्या ओटीजीत वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवा, आणि २० मिनिटांनंतर ट्रे फिरवा कारण मागची बाजू लवकर लाल होते.

नवीन लोक फार लवकर काढतात. फिकट बदामी दिसलं की वाटतं झालं. नाही झालं. रंग चांगला तपकिरी, दालचिनीच्या काडीच्या जवळपास जायला हवा, एक उलटून खालची बाजू बघा, तीही तशीच हवी. कच्चट राहिलेलं बिस्किट पाकात टाकलं की कडेने सुटतं, झाऱ्यावर अर्धंच वर येतं. नीट भाजलेलं बिस्किट आतून कोरडं असतं आणि म्हणूनच पाक ओढून घेतं.

७. गरम बिस्किट, गार पाक

इथे सगळी तयारी हाताशी ठेवून मगच ओव्हन उघडा. पसरट भांड्यात गार पाक, बाजूला झारा, त्याच्या बाजूला जाळी आणि जाळीखाली ताट.

ओव्हन बंद करा पण ट्रे आतच ठेवा, दार किंचित उघडं. एका वेळी ५-६ बिस्किटं काढा, पाकात सोडा, ठसे असलेली बाजू खाली. मनात १५ ते २० मोजा. झाऱ्याने उलटा, परत तेवढंच. उचला, झाऱ्यावर क्षणभर निथळू द्या आणि जाळीवर ठेवा. मग पुढची ५-६. दाबून बुडवायची नाहीत, पाकात तरंगत असतील तर झाऱ्याने वरून नुसता पाक घाला.

पहिल्या घाण्यातलं एक बिस्किट मधोमध तोडून बघायचं, हे आजी दर वर्षी करतात आणि मला वाटतं अख्ख्या रेसिपीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. तोडल्यावर कडेने गडद, ओला पट्टा दिसतो आणि मध्ये फिकट, कोरडा गाभा. गाभा साधारण बोटाच्या पेरापेक्षा कमी उरला असेल तर वेळ बरोबर आहे, तास-दोन तासांत पाक आत सरकत सरकत तिथपर्यंत पोचतो. नुसती कडच ओली असेल तर पुढच्या घाण्याला ५-१० सेकंद जास्त. आणि सगळंच ओलं होऊन तुटत असेल तर वेळ कमी करा. प्रत्येकाच्या ओव्हनप्रमाणे, बिस्किटाच्या जाडीप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून माझ्या सेकंदांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तोडून बघा.

दोन्ही गरम असतील तर बिस्किट लिबलिबीत होऊन मोडतं. दोन्ही गार असतील तर पाक बाहेरच राहतो, आत कोरडं. गरम बिस्किट गार पाकात पडलं की आतली वाफ आकसते आणि पाक आत ओढला जातो.

आणखी एक अडचण जी कुणी सांगत नाही: तिसऱ्या-चौथ्या घाण्यापर्यंत पाकच गरम व्हायला लागतो, आधीच्या बिस्किटांमुळे. म्हणून पाक दोन भांड्यांत वाटून ठेवा, एक फ्रीजमध्ये, आणि कोमट वाटायला लागला की भांडी बदला. दुप्पट प्रमाणात करणार असाल तर हे हवंच. आणि मागच्या ट्रेमधली बिस्किटं गार झाली तर ती ५ मिनिटं परत ओव्हनमध्ये टाकून गरम करा, गार तशीच बुडवू नका.

८. अक्रोड

अक्रोड सुरीने बारीक चिरा किंवा खलात ठेचा. मिक्सरमध्ये टाकले तर एका फिरकीत तेल सुटून गोळा होतो. थोडी दालचिनी मिसळा. बिस्किट जाळीवर आल्या आल्या, वरून ओलं असतानाच भुरभुरा आणि बोटाने किंचित दाबा. सुकल्यावर घातले तर चिकटत नाहीत.

अक्रोड आधी एक खाऊन बघा. जुने असतील तर खवट लागतात आणि मग सगळी मेहनत वाया.

हल्ली बेकऱ्यांमध्ये चॉकलेटमध्ये बुडवलेल्या मेलोमाकारोना खूप खपतात, मुलांना आवडतात हे मान्य. मला विचाराल तर नको. एवढा मध, संत्रं, लवंग घालून वर चॉकलेट ओतलं की फक्त चॉकलेटच लागतं.

महाराष्ट्रात, गोव्यात करत असाल तर

रवा चिरोट्याचा घ्या, तो एकदम योग्य. लाडूचा बारीक रवाही चालेल. उपम्याचा जाडा नको, दाताखाली करकरतो.

नागपुरी संत्री डिसेंबरात बाजारात असतात, पण ती गोड जास्त, आंबट कमी. १५० मिली संत्र्याचा रस आणि २० मिली लिंबाचा असं घ्या म्हणजे सोडा नीट काम करेल. मोसंबीचा रस असेल तर लिंबू हवंच. संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर किसता येत नाही, म्हणून अख्खं संत्रं असतानाच किसून घ्या. आणि किसायच्या आधी कोमट पाण्याने चोळून धुवा.

तेल ऑलिव्ह परवडत नसेल तर रिफाइंड सूर्यफूल घ्या. घाण्याचं शेंगदाणा तेल नको, त्याचा वास मधावर चढतो. खोबरेल तर नकोच.

मध महाबळेश्वरकडचा घेऊन बघा. तिथून जवळचं मांघर तर मधाचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. जांभळाच्या मधाला किंचित कडवट झाक असते, ती संत्र्याच्या सालीबरोबर फार सुंदर लागते.

दालचिनीची पूड घरीच करा. आणि लवंग मापात, आपल्याला मसाल्याची सवय म्हणून पाव चमच्याऐवजी अर्धा चमचा घातलात तर जीभ बधिर होते. वेलची घालावीशी वाटेल, पण ती घातली की चव सरळ आपल्या मिठाईकडे जाते. घालू नका.

गोव्यात, वसईत नाताळच्या ताटात नेवऱ्या, कुलकुल असतातच, त्यांच्या शेजारी ही ठेवली तर टिकायला त्यांच्याइतकीच चिवट आहेत.

९. ठेवायचं कसं

गरम असताना डबा लावू नका. जाळीवर ४-५ तास, शक्यतो रात्रभर राहू द्या. मग पत्र्याच्या किंवा काचेच्या डब्यात, प्रत्येक थराखाली बटर पेपर. फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, तिथे ती घट्ट होतात. बाहेर दोन-तीन आठवडे आरामात टिकतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत डबा घट्ट झाकणाचा असू द्या आणि दोन आठवड्यांत संपवा.

त्याच दिवशी खाल्लीत तर पाक एकीकडे आणि बिस्किट एकीकडे असं लागेल. दुसऱ्या दिवशी दोन्ही एकजीव होतात आणि लवंगेची तिखट टोकं मावळतात, म्हणून पाहुणे यायचे असतील तर निदान एक दिवस आधी करा. इथे २४ डिसेंबरच्या सकाळी मुलं हातात त्रिकोणी घंटा घेऊन दारोदार कालांदा, म्हणजे नाताळची गाणी, गायला येतात, "ना ता पूमे?" म्हणजे गाऊ का असं विचारतात. आता त्यांना पैसे देतात, पण आजी अजूनही पैशांबरोबर एकेक मेलोमाकारोनो कागदी रुमालात गुंडाळून हातावर ठेवतात, त्या हिशोबाने त्या २२ तारखेला करतात.

ग्रीसहून घरी न्यायची असतील तर थर लावलेला डबा घट्ट बांधून न्या, प्रवासात मोडत नाहीत. मध मात्र विमानात द्रव धरला जातो, १०० मिलीच्या वरची बाटली हँडबॅगेत अडवू शकतात, चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळा.

उरलेला पाक आणि मोडलेली बिस्किटं

पाक उरणारच, बुडवायला खोली हवी म्हणून तो मुद्दाम जास्त केलाय. गाळून घ्या म्हणजे चुरा निघून जाईल, एक उकळी आणा, गार करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. आठवडाभरात रव्याचा केक करून त्यावर ओता, ग्रीक लोक त्याला रावानी म्हणतात आणि वेरिया गावची रावानी प्रसिद्ध आहे. नाहीतर चहात साखरेऐवजी एक चमचा. मोडलेली बिस्किटं घट्ट दह्यावर कुस्करून घाला, वरून त्याच पाकाचा एक चमचा.